मिनँडर ऊर्फ मिलिंद राजा: नाण्यांवरून काय कळतं आणि काय कळत नाही

ताम्रकार (धागाकर्ता)

मिलिंद राजावर, म्हणजे भारताच्या वायव्येला राज्य केलेल्या मिनँडर या ग्रीक राजावर, मराठीत काहीही वाचायला घेतलं की तीन विधानं हमखास भेटतात. त्याने अलेक्झांडरपेक्षा जास्त मुलूख जिंकला, पाटलिपुत्रापर्यंत धडक मारली आणि अखेरीस मुलाच्या हाती राज्य देऊन भिक्षू झाला. तिन्ही विधानं जुनी आहेत, पण एकही त्याच्या दरबारातून आलेलं नाही. पहिलं स्ट्रॅबो या ग्रीक भूगोलकाराचं, म्हणजे दीडशे वर्षांनंतरचं, तेही आर्टेमिटाच्या अपोलोडोरस या इतिहासकाराच्या हवाल्याने. शिवाय स्ट्रॅबो स्वतःच मध्ये 'तो खरोखर हिपॅनिस ओलांडून पूर्वेला गेला असेल तर' अशी पाचर मारून ठेवतो. हिपॅनिस म्हणजे बियास. दुसऱ्या विधानात ग्रंथकार 'यवन' (ग्रीक) म्हणतात, राजाचं नाव घेत नाहीत. तिसरं मिलिंदपञ्हा या पाली ग्रंथात (मिलिंद राजा आणि नागसेन भिक्षू यांचा संवाद) नंतर जोडलेल्या भागातलं.

मिनँडरच्याच हुकुमाने घडलेलं आणि ढिगाने उपलब्ध असलेलं साधन एकच, नाणी. इंडो-ग्रीक राजांमध्ये सर्वांत जास्त सापडतात ती मिनँडरचीच. त्यांवरून एवढं बऱ्यापैकी खात्रीने म्हणता येतं:

राज्यकाळ साधारण इ.स.पू. १५५ ते १३०. काही जण सुरुवात १६५ पर्यंत मागे नेतात. मुलूख म्हणजे हिंदुकुशच्या दक्षिणेचा काबूल खोऱ्याचा भाग, गांधार, स्वात आणि पंजाब. राजधानी सागल, म्हणजे आजचं सियालकोट, पण हे नाण्यांवरून नाही तर पाली ग्रंथावरून. स्वातमधल्या बारिकोटला इटालियन पथकाने इंडो-ग्रीक काळातली तटबंदी उकरून काढली आहे आणि तिथे मिनँडरची नाणी मिळाली आहेत. स्वातमधल्याच बुटकारा स्तूपाच्या दुसऱ्या बांधणीच्या थरातही त्याचं नाणं सापडलं. स्वातवर त्याचा ताबा होता हे त्यामुळे निव्वळ अंदाजाचं उरत नाही.

उत्तरेला बॅक्ट्रियात (हिंदुकुशपलीकडचा ग्रीक मुलूख) त्याच सुमारास युक्रॅटिडीस हा ग्रीक राजा. हा तोच, ज्याचं १६९ ग्रॅमचं वीस स्टेटरचं (स्टेटर हे ग्रीक नाण्याचं एकक) सोन्याचं नाणं पॅरिसला आहे. इ.स.पू. १४५ च्या आसपास त्याला त्याच्या मुलानेच मारलं, आणि त्याच सुमारास ऑक्सस (आमू दर्या) नदीकाठचं ऐ खानूम हे ग्रीक शहर उजाड झालं. म्हणजे मिनँडरच्या उत्तरार्धात हिंदुकुशपलीकडचं ग्रीक राज्य कोसळत होतं आणि हा दक्षिणेला ग्रीक अक्षरांत नाणी पाडत होता.

पाटलिपुत्राचं काय, ते संस्कृतवाल्यांनी सांगावं.

पाणिनीय

संस्कृतवाला हजर.

पाणिनीच्या व्याकरणावर महाभाष्य लिहिणाऱ्या पतंजलीची दोन वाक्यं सगळे देतात: 'अरुणद् यवनः साकेतम्', 'अरुणद् यवनो मध्यमिकाम्'. ती कशासाठी आली ते मात्र सहसा कुणी सांगत नाही, आणि खरी किंमत तिथेच आहे. पाणिनीचं ३.२.१११ सूत्र लङ् लकाराचं, म्हणजे आजची नसलेली भूतकाळातली घटना. त्यावरचं वार्तिक (पूरक नियम) म्हणतं की घटना बोलणाऱ्याच्या डोळ्यांआड घडलेली असेल, पण लोकांत प्रसिद्ध असेल आणि मनात आणलं असतं तर त्याला ती बघता आली असती, तर तिथेही लङ् वापरावा. त्याची ही उदाहरणं. म्हणजे साकेताचा (अयोध्या) आणि मध्यमिकेचा (चितोडजवळची नगरी) वेढा पतंजलीच्या हयातीतला, असं व्याकरणच सांगतं. उदाहरण गुरुपरंपरेने आलेलं जुनं असू शकतं हा आक्षेप आहे, पण त्याच भाष्यात 'इह पुष्यमित्रं याजयामः' (इथे आम्ही पुष्यमित्रासाठी यज्ञ करतो) हेही आहे, आणि पुष्यमित्र शुंग इ.स.पू. दुसऱ्या शतकातला, त्यामुळे काळ बसतो.

आता वजाबाकी. वाक्यात राजाचं नाव नाही. 'अरुणत्' म्हणजे वेढा दिला. शहर पडलं असं त्यात नाही. युगपुराणात यवन साकेत, पांचाल, मथुरा घेत कुसुमध्वजापर्यंत, म्हणजे पाटलिपुत्रापर्यंत येतात, पण आपसातल्या भयंकर युद्धामुळे मध्यदेशात टिकत नाहीत. इथेही मिनँडरचं नाव नाही. कलिंगच्या खारवेल राजाच्या हाथीगुंफा लेखात यवनराजा मथुरेकडे पळाल्याचं वाचतात, त्यातलं 'दिमित' (डिमेट्रियस) हे वाचनच वादग्रस्त. कालिदासाच्या नाटकात पुष्यमित्राचा नातू वसुमित्र सिंधूच्या काठी यवनांना हरवतो, तिथेही सेनापती अनामिक.

तेव्हा 'यवनांची एक स्वारी गंगेच्या खोऱ्यात आली होती' हे पक्कं धरा. 'ती मिनँडरची होती' हे शक्य आहे, इतकंच. डिमेट्रियस आणि पहिला अपोलोडोटस हे त्याच्या आधीचे दोन ग्रीक राजेही उमेदवार आहेतच.

नवखा_संग्राहक

उत्तम धागा, वाचनखूण साठवली. रेहचा शिलालेख कुणी घेतला नाही? उत्तर प्रदेशातल्या फतेहपूर जिल्ह्यातला. त्यात मिनँडरचं नाव आहे ना?

पाणिनीय

@नवखा_संग्राहक, ज्यांनी तो १९७९ च्या सुमारास पुढे आणला त्यांनी नाव वाचलं होतं. पण नाव जिथे असायला हवं तिथलीच अक्षरं गेलेली आहेत, आणि 'महाराजस राजराजस…' अशी लांबलचक बिरुदावली मिनँडरच्या एकाही नाण्यावर नाही. नंतरच्या अभ्यासकांनी तो लेख पुढच्या काळातल्या दुसऱ्या राजाकडे नेला. गंगेच्या मोहिमेचा पुरावा म्हणून तो वापरू नये.

उत्तरापथ

मिलिंदपञ्हाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण 'तो भिक्षू झाला' हे वाक्य कुठून येतं ते बघितलं की गंमत कळते.

ग्रंथ एकसंध नाही. चिनी भाषेत त्याचं एक जुनं रूप आहे, नागसेन भिक्षूच्या नावाचं. पाली प्रतीचे पहिले तीन भाग त्याच्याशी साधारण जुळतात, चौथ्यापासून पुढचा मजकूर चिनीत नाहीच. म्हणजे मूळ गाभा पहिल्या तीनांत, बाकी भर. नाव-रूप, रथाचं उदाहरण, पुनर्जन्म कसा होतो, हे प्रसिद्ध प्रश्न गाभ्यातले. राजाने राज्य सोडलं, प्रव्रज्या (भिक्षूची दीक्षा) घेतली, अर्हत (मुक्त) झाला, हे पार शेवटच्या भागात.

आणि तिसऱ्या भागाच्या अखेरीला राजा स्वतः काय म्हणतो? सोन्याच्या पिंजऱ्यातला सिंह जसा तोंड बाहेर करूनच बसतो तसा मी घरात राहतो पण तोंड बाहेरच आहे. मात्र मी घर सोडून प्रव्रजित झालो तर फार काळ जगणार नाही, 'बहू मे पच्चत्थिका', मला शत्रू फार. एकाच ग्रंथाच्या जुन्या थरात राजा नको म्हणतो आणि नव्या थरात भिक्षू होतो. जुन्या थरातलं उत्तर राजकारण कळणाऱ्या माणसाचं वाटतं.

दुसरी गोष्ट अंतरांची. राजा सांगतो, माझा जन्म अलसंद द्वीपातला, इथून दोनशे योजनं. गावाचं नाव कलसी. काश्मीर बारा योजनं. अलसंद म्हणजे हिंदुकुशच्या पायथ्याची अलेक्झांड्रिया, बेग्रामच्या परिसरातली, असं बहुतेक जण धरतात. सियालकोटपासून बेग्राम रस्त्याने सातशे किलोमीटरच्या आसपास. दोनशेने भागलं तर योजन साडेतीन किलोमीटरचं होतं. काश्मीरच्या बारा योजनांना तोच भाव लावला तर अंतर भरतं ४२ किलोमीटर, आणि तेवढ्यात सियालकोटहून फार तर जम्मू येईल. आकडे मोजणीचे नाहीतच. मेलेला माणूस ब्रह्मलोकात आधी पोचतो की काश्मिरात, असा प्रश्न आहे. कलसी आठवायला आणि काश्मीर आठवायला सारखाच वेळ लागतो, एवढं दाखवण्यासाठी एक लांबचा आणि एक जवळचा आकडा हवा होता. लोक त्यावर नकाशे काढतात.

ग्रंथ राजाला बुद्धाच्या परिनिर्वाणानंतर पाचशे वर्षांनी ठेवतो. कुठल्याही गणनेने ते इ.स.पू. १५० ला जुळत नाही. नावं मात्र अस्सल वाटतात: दरबारातला देवमंतिय म्हणजे डिमेट्रियस आणि अनंतकाय म्हणजे अँटिओकस असणार. पाचशे योनक (ग्रीक) सोबत असलेला राजा ज्याने रंगवला त्याला खरी ग्रीक नावं कानावरून माहीत होती.

नवखा_संग्राहक

व्यावहारिक प्रश्न. मिनँडरचे चांदीचे द्राख्मे (ग्रीक पद्धतीची नाणी) लिलावात आणि ऑनलाइन सारखे दिसतात. वाचायचे कसे आणि नकली कसे ओळखायचे? टप्प्याटप्प्याने कुणी सांगेल का?

ताम्रकार

सांगतो. लांबेल.

वजन. मिनँडरने जवळजवळ सगळी चांदी भारतीय मानावर पाडली. द्राख्मा साधारण २.४५ ग्रॅम, चतुर्द्राख्मा ९.८ च्या आसपास. ग्रीक जगातलं अॅटिक मान याच्या पावणेदोनपट, द्राख्मा ४.२ ते ४.३ आणि चतुर्द्राख्मा १७ च्या जवळ. अॅटिक मानावरची मिनँडरची नाणी आहेत, पण अतिशय दुर्मिळ. कुणी १७ ग्रॅमचा मिनँडर स्वस्तात देत असेल तर पुढे वाचायची गरज नाही. झिजलेला अस्सल द्राख्मा २.२ पर्यंत उतरू शकतो. २.७ किंवा २.८ भरला तर मात्र सावध व्हा. झिजेने वजन घटतं, वाढत नाही.

दर्शनी बाजू. राजाचा मुखवटा (चेहऱ्याचं चित्र) तीन प्रकारांत: उजवीकडे बघणारा, डोक्याला फक्त फीत, उजवीकडे बघणारा, शिरस्त्राण घातलेला, आणि डावीकडे बघणारा, पाठमोऱ्या उघड्या खांद्यांचा, हात उगारून भाला फेकणारा, डाव्या खांद्यावर अथेना देवीचं ईजिस (कातड्याचं कवच). तिसरा दिसायला सर्वांत देखणा, म्हणून नकलाही त्याच्याच जास्त. ग्रीक मजकूर वरच्या कमानीत 'बासिलेओस सोतेरोस', खाली 'मेनान्द्रू'. म्हणजे 'तारणहार राजा मिनँडरचं'. फितीची दोन टोकं मानेमागे सुटी लोंबतात. नकलेत ती बऱ्याचदा केसांत मिसळून गेलेली असतात, कारण साच्यात बारीक रेघ उतरत नाही.

मागची बाजू. अथेना अल्किडेमोस, एका हातात ढाल आणि दुसऱ्यात फेकायला उचललेलं वज्र. ही मॅसेडोनियाच्या राजधानीची, पेल्लाची देवी. पंजाबात राज्य करणाऱ्या माणसाने पेल्लाची देवी नाण्यावर ठेवली, यात वंशाचा दावा आहे. भोवती खरोष्ठी या वायव्येकडच्या लिपीत: महरजस त्रतरस ('तारणहार महाराजाचं'), आणि खाली मेनंद्रस. खरोष्ठी उजवीकडून डावीकडे वाचायची आणि तिच्यात दीर्घ स्वर दाखवत नाहीत, म्हणून 'महाराजस' शोधू नका. 'म' हे अक्षर वर उघड्या वाटीसारखं. तो मजकुरात दोनदा येतो, एकदा 'महरजस'च्या सुरुवातीला आणि एकदा राजाच्या नावाच्या सुरुवातीला. दुसऱ्यावर 'ए'ची जादा रेघ आहे. हे दोन 'म' सापडले की बाकी अक्षरं जागेवर बसतात. चार्ल्स मॅसन या इंग्रज संग्राहकाने १८३० च्या दशकात बेग्रामची हजारो नाणी गोळा करताना हेच हेरलं होतं, एका बाजूचं ग्रीक नाव दुसऱ्या बाजूच्या कुठल्या अक्षरगटाशी जुळतं ते. जेम्स प्रिन्सेप या लिपितज्ज्ञाला खरोष्ठीचं कुलूप उघडायला त्याचा थेट उपयोग झाला.

मोनोग्राम. अथेनाच्या बाजूला ग्रीक अक्षरं एकमेकांत गुंफून केलेली खूण असते. टांकसाळीची की अधिकाऱ्याची, यावर एकमत नाही. विक्रेता 'हा तक्षशिला टांकसाळीचा' असं छातीठोक सांगत असेल तर तो दर वाढवतोय.

अक्ष. दोन बोटांत नाणं वर-खाली धरून उभ्या अक्षावर फिरवा. राजा सरळ असेल तर बहुतेक वेळा अथेनाही सरळच उभी दिसते. देवी उलटी किंवा आडवी आली तर नाणं लगेच नकली ठरत नाही, पण बाकीच्या तपासण्या कडक करा.

कड. ओतीव नकलेच्या कडेला पूर्ण गोल फिरणारी शिवण असते, किंवा ती कानशीने घासल्याच्या समांतर रेघा. हातोड्याने ठोकलेल्या खऱ्या नाण्याच्या कडेला धातू फाकल्याच्या बारीक भेगा असतात आणि त्या वाकड्यातिकड्या जातात. दहापट भिंगाखाली पार्श्वभूमी बघा: ओतिवात गोल खड्डे, बुडबुड्यांचे. खऱ्यात क्षरणाचे खड्डे अनियमित, आणि ते अक्षरांच्या डोक्यावरही असतात.

एकच ठसा पुन्हा पुन्हा. यंत्राने ठोकलेल्या आधुनिक नकलेत वजन, चांदी, कड, सगळं बरोबर असू शकतं. तिथे एकच उपाय: जुन्या लिलावांची छायाचित्रं काढून बघणं. दोन अस्सल नाणी एकाच ठशातून येऊ शकतात, पण ठसा नाण्याच्या तुकड्यावर थोडा सरकून बसतो, झीज वेगळी, भेगा वेगळ्या. दोन नाण्यांची भेगसुद्धा एकाच जागी असेल तर दोन्ही सोडा.

मूस_आणि_ऐरण

ताम्रकारांच्या वजनाच्या मुद्द्याला जोड. विशिष्ट गुरुत्व घरी काढता येतं, पण द्राख्म्यावर ते कधी फसतं तेही समजून घ्या.

पद्धत: ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा, त्यावर पाण्याचा छोटा पेला, काटा शून्यावर. नाणं बारीक नायलॉन धाग्याने पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला टेकणार नाही असं लोंबकळतं धरा. काटा जो आकडा दाखवेल तो विस्थापित पाण्याचा. कोरडं वजन भागिले हा आकडा. शुद्ध चांदी १०.५, तांबं ८.९६.

२.४५ ग्रॅमचा चांगल्या चांदीचा द्राख्मा ०.२४ दाखवेल, म्हणजे १०.२. काटा एका घराने चुकला आणि ०.२३ आला तर १०.६५, ०.२५ आला तर ९.८. चांदीचा मुलामा दिलेलं तांबं ०.२७ देईल. म्हणजे तांबं कसंबसं ओळखू येतं, मिश्रधातूचा फरक येत नाही. ०.००१ चा काटा असेल तरच द्राख्म्यावर भरवसा ठेवा. चतुर्द्राख्म्याला साधा काटा पुरतो, कारण तिथे विस्थापन ०.९६ च्या आसपास असतं.

नाण्याला चिकटलेला हवेचा बुडबुडा हे चुकीच्या आकड्याचं पहिलं कारण. पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाका.

आणि चिंच, लिंबू, खायचा सोडा, टूथपेस्ट यातलं काही लावू नका. तांब्याच्या चौकोनी नाण्यावर फिकट हिरवी, नखाने भुकटी होणारी बुरशीसारखी पूड दिसली तर ते क्लोराईडचं क्षरण आहे. दमट हवेत ते आत खात जातं. ते नाणं वेगळं काढा, सिलिका जेलबरोबर कोरडं ठेवा. मऊ प्लास्टिकच्या वासाळ पाकिटांत नाणी ठेवणं हे दुसरं मोठं नुकसान. ती पाकिटं कालांतराने चिकट हिरवा थर सोडतात.

उत्तरापथ

तांब्याची गोष्ट निघालीच आहे तर चक्राचं नाणं घेऊ. एका बाजूला आठ आऱ्यांचं चक्र, दुसऱ्या बाजूला खजुरीची फांदी. 'मिनँडर बौद्ध होता' याचा पुरावा म्हणून हेच दाखवतात.

ताम्रकार

हो, आणि त्यात दोन घोटाळे आहेत.

एक, त्याच्या तांब्यावर बैलाचं डोकं नि तिवई आहे, गळ्यात घंटा असलेलं हत्तीचं डोकं नि हेराक्लिसची गदा आहे, अथेना आहे, विजयदेवता आहे. या सगळ्यांत चक्राचं नाणं एक छोटा प्रकार. चक्र धर्माचं असेल, चक्रवर्तीचं असेल. पलीकडे खजुरीची फांदी आहे, आणि ती ग्रीकांकडे निखळ विजयाची खूण. दोन्ही प्रजांना आपापलं वाचता यावं अशी निवड वाटते.

दुसरा घोटाळा मोठा. 'ध्रमिकस' म्हणजे धार्मिक, असं बिरुद असलेली मिनँडरची नाणी दाखवून 'बघा, धर्मांतर' असं म्हणतात. ती दुसऱ्या मिनँडरची आहेत. त्याच्यावर ग्रीकमध्ये 'सोतेरोस' नसून 'दिकाइऊ', म्हणजे न्यायी, असतं, आणि मागे अथेनाऐवजी झ्यूस, विजयदेवता वगैरे. काळ इ.स.पू. ९० च्या आसपास. जुन्या पुस्तकांत दोघांना एकच धरलंय, आणि मराठीत बरंचसं लिखाण त्या जुन्या पुस्तकांवरून उतरलेलं. साधा नियम: त्रतरस असेल तर पहिला, ध्रमिकस असेल तर दुसरा.

पाणिनीय

म्हणजे नाण्यांवरून बौद्ध असल्याचं सिद्ध होत नाही. शिनकोटची करंडिका?

उत्तरापथ

पाकिस्तानातल्या बाजौरमधल्या शिनकोटची शिळेची अस्थिकरंडिका. तिच्यावर खरोष्ठीत 'मिनेद्रस महरजस कटिअस दिवस' आणि पुढे आकडे ४ ४ ४ १ १, बेरीज १४. म्हणजे मिनँडर महाराजांच्या राज्यात कार्तिकाचा १४ वा दिवस, शाक्यमुनींच्या अवशेषांची स्थापना. राज्यवर्षाचा आकडा असता तर सोनं झालं असतं, नेमका तोच तुकडा गेलाय. त्यावरच पुढच्या काळातला विजयमित्र या स्थानिक राजाचा लेखही आहे. मिनँडरचं नाव असलेला भाग मागाहून कोरलेला असावा असा संशय काही अभ्यासकांनी घेतला आहे, इतरांनी तो फेटाळला आहे. अस्सल धरला तरी त्यातून एवढंच निघतं की त्याच्या राज्यात बौद्ध अवशेषांची स्थापना होत होती आणि दिनांक त्याच्या नावाने घातला जात होता. स्थापना राजाने केली असं त्यात नाही.

माझ्या मते सर्वांत वजनदार साक्ष प्लूटार्क या ग्रीक लेखकाची, कारण त्याला बौद्ध धर्माशी देणंघेणं नाही. तो म्हणतो, मिनँडर न्यायाने राज्य करत होता, छावणीत वारला. शहरांनी अंत्यविधी एकत्र केले, पण रक्षेवरून भांडण लागलं, शेवटी समान वाटे करून प्रत्येकाने आपल्याकडे स्मारक उभारायचं ठरलं. कुशीनगरला बुद्धाच्या अस्थींवरून जे झालं तोच साचा. पण प्लूटार्कचा मिनँडर छावणीत मरतो, विहारात नाही. भिक्षू झाल्याच्या कथेला हे सरळ आडवं जातं. तो त्याला बॅक्ट्रियाचा राजा म्हणतो ही चूक मात्र आहे. युक्रॅटिडीस असताना बॅक्ट्रिया याच्याकडे असण्याचा नाणेशास्त्रीय आधार नाही.

भरुकच्छ

वारशाबद्दल बोलायचं तर उत्तरेपुरतं का थांबावं? पेरिप्लस या पहिल्या शतकातल्या ग्रीक व्यापारी मार्गदर्शकात बारीगाझाच्या, म्हणजे भडोचच्या वर्णनात लिहिलंय की अपोलोडोटस आणि मिनँडर यांची ग्रीक अक्षरांची जुनी द्राख्मे तिथे अजून चालतात. मिनँडरला जाऊन तेव्हा दोनशे वर्षं होत आली होती. यावरून 'मिनँडरचं राज्य भडोचपर्यंत' असं काढणं घाई आहे. चांगल्या चांदीची नाणी राज्याच्या बाहेर खुशाल जातात, उलट जास्त टिकतात. पण त्या बंदरात या वजनाची, एका बाजूला राजाचा मुखवटा आणि भोवती ग्रीक अक्षरं असलेली नाणी सवयीची होती, हे महत्त्वाचं.

कारण त्याच किनाऱ्यावर नहपान या शक राजाने जे चांदीचं नाणं पाडलं ते याच वळणाचं: उजवीकडे बघणारा मुखवटा, भोवती ग्रीक लिपी, वजन सव्वादोन ग्रॅमच्या आसपास. ग्रीक लिपीतली भाषा मात्र प्राकृत. मागे बाण आणि वज्र, ब्राह्मी आणि खरोष्ठी. मधल्या काळात शक-पह्लवांचे हातही लागलेत, सरळ रेषा ओढू नका. नाशिकजवळच्या जोगळटेंभीला १९०६ मध्ये १३,०००हून अधिक अशी नाणी निघाली, त्यातल्या दोन-तृतीयांशांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चैत्य (डोंगराच्या आकाराचं) आणि उज्जयिनी चिन्हं ठोकलेली. नहपानाच्या कपाळावर सातवाहनांचा डोंगर बसलेला स्पष्ट दिसतो, आणि कडेला ग्रीक अक्षरांचे अवशेष शिल्लक. नाशिकच्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याने ७०,००० कार्षापणं (चांदीची नाणी) दिली आणि ३५ कार्षापणांना एक सुवर्ण असा भाव कोरून ठेवला, ती कार्षापणं बहुधा हीच.

डोंगरवाट

+१. मग कार्ल्याच्या आणि जुन्नरच्या लेण्यांतले यवन दाते मिनँडरच्या फौजेतले वंशज का? असं एका व्याख्यानात ऐकलं होतं.

भरुकच्छ

तसा काही आधार नाही. कार्ल्याच्या खांबांवरचे यवन 'धेनुकाकटाचे' म्हणून येतात, एकाचं नाव सिहधय. जुन्नरला इरिल आणि चिट. नाशिकच्या १७ क्रमांकाच्या लेण्यात इंद्राग्निदत्त, धर्मदेवाचा मुलगा, उत्तरेकडचा, दातामितीचा योनक. हे सगळे मिनँडरनंतर दोन-अडीचशे वर्षांचे, आणि बंदर-घाट-बाजारपेठ या वाटेवरचे लोक दिसतात. दातामिती हे गाव डिमेट्रियसच्या नावाचं असावं, एवढाच इंडो-ग्रीक धागा. त्यातही नावं बघा, बापलेक धर्मदेव आणि इंद्राग्निदत्त. 'यवन' ही तोवर वंशापेक्षा जास्त करून नुसती ओळख होती.

पाणिनीय

अवांतर: छत्रपती संभाजीनगरच्या नागसेनवनातलं मिलिंद महाविद्यालय. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये ते सुरू केलं. राजाचं नाव महाविद्यालयाला आणि त्याला निरुत्तर करणाऱ्या भिक्षूचं नाव परिसराला, ही निवड विचारपूर्वक आहे. प्रश्न विचारणारा आणि पटलं तर मान्य करणारा राजा, हा मिलिंदपञ्हाच्या जुन्या थरातला मिलिंद. भिक्षू झाला की नाही याने त्या निवडीला धक्का लागत नाही.

ताम्रकार

अवांतर कसलं, विषयातलंच आहे. उत्तरेकडच्या वारशाचं एक राहिलं: त्याच्यामागे राणी अगाथोक्लिया आणि स्ट्रॅटो यांची नाणी येतात. स्ट्रॅटो त्याचा मुलगा असावा असा सर्वसाधारण समज, पण नाण्यांवर नातं लिहिलेलं नाही. अथेना अल्किडेमोस मात्र पुढे शंभर-सव्वाशे वर्षं पूर्व पंजाबात पडत राहिली, दुसऱ्या स्ट्रॅटोपर्यंत, आणि त्यानंतर राजुवुल या शक क्षत्रपाने (प्रांताधिपतीने) तीच उचलली. शेवटी शेवटी चांदी इतकी हिणकस झाली की नाणं तांबूस दिसतं, आणि देवीची ढाल कुठे संपते नि हात कुठे सुरू होतो ते सांगता येत नाही.

नवखा_संग्राहक

शेवटचा प्रश्न. भडोच, नाशिक भागात शेतात असं काही सापडलं तर कायद्याने काय करायचं? आणि परदेशातल्या नातेवाइकाला भेट म्हणून पाठवता येतं का?

भरुकच्छ

सापडलं तर १८७८ चा निखात निधी कायदा लागतो. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची कुठलीही वस्तू मिळाली की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं: काय, किती, कुठे, कोणत्या तारखेला. वस्तू कोषागारात जमा करायची किंवा मागितली तर हजर करण्याची हमी द्यायची. व्यवहारात आधी तहसील कार्यालयात अर्ज देतात आणि पोच घेतात. दडवलं तर शिक्षा आहे, आणि सापडणाऱ्याचा हिस्साही जातो. गाडगं मिळालं तर नाणी बाहेर काढून धुऊ नका, गाडग्यासकट ठेवा. कुठलं नाणं कुणाच्या सोबत होतं हीच त्यातली खरी माहिती, आणि ती एकदा गेली की परत येत नाही.

परदेशी पाठवणं विसरा. १९७२ च्या पुरावशेष कायद्याने शंभर वर्षांवरचं नाणं पुरावशेष आहे आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता येत नाही, भेट म्हणूनही नाही आणि सामानात विसरलं म्हणूनही नाही. आधुनिक नक्कल न्यायची असेल तर पुरातत्त्व खात्याकडून ते पुरावशेष नसल्याचा दाखला आधी घ्या. विमानतळावर भिंग लावून वाद घालायला कुणी थांबत नाही.